रघूची टीम

जांभूळच्या रघू शेलारच्या सुमोत जो बसला तो रघूचा झाला, हे आमच्याकडे अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याकडचं वऱ्हाड घेऊन गेला की तो मानपानावरून नवरीच्या मामाशी भांडायचा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लग्नात गाडीत नवरीकडची माणसं असली, की नवऱ्याकडच्यांची मिजास कशी उतरवायची याचा विचार वाटेतच सुरू व्हायचा. निवडणुकीत ज्या पक्षाने गाडी लावली त्याचा झेंडा बॉनेटवर, आणि घोषणा पार बेंबीच्या देठापासून. एका वर्षी तर सकाळची वर्दी, म्हणजे भाडं, एका पक्षाची आणि दुपारनंतरची दुसऱ्याची अशी विभागून मिळाली. रघू मधल्या वेळेत घरी जेवायला आला तेव्हा त्याच्या बायकोने, विठाने, विचारलं, "मत कोणाला टाकलंत?"

"गेलो सकाळी," रघू म्हणाला, "मग सकाळच्यांनाच देणार ना."

त्यात लबाडी अजिबात नव्हती. माणूसच तसा होता. वय पन्नाशीच्या आसपास, पोट स्टिअरिंगला टेकलेलं, आवाज असा की त्याने फाट्यावरून 'अरे' म्हटलं तर तळ्याकाठच्या म्हशी वर बघायच्या. एरवी त्याचं काम एमआयडीसीतल्या कारखान्यांची माणसं सकाळी सोडायची आणि संध्याकाळी आणायची. त्यातसुद्धा रंगाच्या कारखान्यातली माणसं गाडीत असली की तो रसायनवाल्यांना नावं ठेवायचा.

दोन हजार आठ सालच्या दसऱ्याच्या सुमारास उल्हासनगरचा चंदू ट्रॅव्हल्सवाला जांभूळला आला. चंदू सिंधी. पण त्याच्या मराठीत मराठी, हिंदी आणि सिंधी एकाच डब्यात चेपून बसलेल्या. पुण्यात युवा राष्ट्रकुल स्पर्धा होणार होत्या, देशोदेशीची अठरा वर्षांखालची पोरं येणार होती, आणि गाड्यांच्या कंत्राटातला एक लहानसा तुकडा फिरत फिरत चंदूच्या पदरात पडला होता.

"साईं, पुना जाना है," चंदू म्हणाला. "इंडिया की टीम है, फॉरेन की टीम है, सगळे प्लेयर लोक. सफेद शर्ट घाल, दाढी कर, आणि लग्नातल्यासारखा भांडू नको."

एवढ्या बोलण्यातून रघूच्या कानात 'इंडिया की टीम' तेवढी शिरली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की भारताचा संघ रघूच्या सुमोतून फिरणार. एका सुमोत भारताचा संघ मावेल कसा, असा प्रश्न कुणाला पडला नाही. पडला तो फक्त भीमरावला. भीमराव जाधव हा रघूचा शाळेपासूनचा मित्र, अंबरनाथच्या कारखान्यात हेडक्लार्क, आणि बुद्धविहाराजवळचं वाचनालय चालवणारा. खेळाचं पान तो आधी वाचायचा, मग पहिलं पान.

"संघ मोठा असतो रघू. शंभरावर पोरं असतील," भीमराव म्हणाला.

"मग फेऱ्या मारीन."

"बरं, मार. पण रोज संध्याकाळी मला फोनवर निकाल सांगायचा. कुस्ती, नेमबाजी, बॉक्सिंग, सगळं. पेपरात दुसऱ्या दिवशी येतं, तोवर शिळं होतं."

रघूने शब्द दिला. विठाने त्याच्याबरोबर पांढरे शर्ट दिले, तांदळाच्या भाकऱ्या दिल्या, आणि एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात सुक्या बोंबलांची चटणी आणि भाजलेले बोंबील भरून दिले. पुण्यात माशाशिवाय माणसं कशी जगतात याची तिला काळजी वाटायची.

पुण्यात पोचल्यावर पार्किंगमध्ये एका साहेबाने रघूच्या काचेवर कागद चिकटवला. त्यावर तीन इंग्रजी अक्षरं होती. शेजारी कोथरूडचा एक ड्रायव्हर उभा होता, त्याने ती वाचली आणि खांदे उडवले. "नाव ऐकलं नाही बुवा. बेटबिट असेल कुठलं तरी."

"भारत नाय?" रघूने विचारलं.

"भारताला बस आहेत, काका. एसीच्या. त्या बघा."

रघूने त्या बसगाड्यांकडे पाहिलं. आपण गावात काय काय सांगून आलो ते त्याला आठवलं, आणि तो गाडीत जाऊन पाय वर घेऊन बसला.

थोड्या वेळाने त्याची टीम आली. टीम म्हणजे एकूण तीन माणसं. पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाएवढा तो देश. देशाचं नाव रघूला पहिल्या दिवशी उच्चारता आलं नाही आणि आजही येत नाही, म्हणून मीही त्याच्या फंदात पडत नाही. तिघांपैकी एक सोळा वर्षांची सडपातळ मुलगी, पोहणारी. एक सतरा वर्षांचा दणकट मुलगा, वजनं उचलणारा. आणि त्यांच्याबरोबर कानामागे फूल खोचलेल्या, दारातून आडवं होऊन शिरावं लागेल अशा एक बाई. त्या प्रशिक्षक, त्याच व्यवस्थापक, त्याच डॉक्टर, आणि आपल्या गावी पोस्टमास्तर. त्यांचं नाव लोसा. त्यांनी रघूला नमस्कार केला, स्वतःच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ काढून त्याच्या गळ्यात घातली, आणि पुढच्या सीटवर बसल्या. सुमो डाव्या बाजूला एकदम खाली गेली.

रघूने माळेला हात लावून पाहिला. मग त्याने गाडी सुरू केली आणि पुढे उभ्या असलेल्या भारताच्या बसला जोरात हॉर्न मारला.

"ए, सरक ना बाजूला. आमची टीम चाललीय."

या टीमबरोबर आयोजकांनी एक संपर्क अधिकारी दिल्या होत्या, पद्मजा देशपांडे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, सदाशिव पेठेत राहणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र आणि हातात भारताचा छोटा झेंडा. इंग्रजी उत्तम. त्यांनी पहिल्यांदा ओळख करून दिली.

"शेलार, ही मुलगी मेले."

रघू दचकला. "कोण मेले?"

"नाव आहे तिचं. मेले."

"बाय, काय पण बोलता. चांगली समोर उभी हाय पोरगी."

"त्यांच्याकडे असतं ते नाव. आपल्याकडे जशी मेरी, तशी त्यांच्याकडे मेले."

"त्यांच्याकडे असंल. माझ्या गाडीत चालायचं नाय," रघू म्हणाला. "उद्या मी पार्किंगमधून हाक मारली, 'मेले, चला', तर लोक काय समजतील? मी हिला मैना बोलणार."

मुलाचं नाव तेविता. रघूला ते कवितासारखं वाटलं, आणि एवढ्या दंडाच्या मुलाला ते शोभत नाही म्हणून तो पैलवान झाला. लोसा त्या लोसाबाय झाल्या. पद्मजाबाईंनी त्या तिघांना हे समजावून सांगितलं तेव्हा मैना खूप हसली. पैलवानाने पैलवानचा अर्थ विचारला आणि तो कळल्यावर त्याने स्वतःहून दंड दाखवला.

भाषेची अडचण रघूला आली नाही, कारण त्याने ती जमेसच धरली नाही. तो त्यांच्याशी जांभूळच्या भाषेत मोठ्याने बोलायचा आणि ते इंग्रजीत हळू उत्तर द्यायचे. पद्मजाबाई भाषांतर करायला सरसावायच्या, तोवर दोन्ही बाजू मान हलवून मोकळ्या झालेल्या असायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रघू गाडीच्या मागे सावलीत जेवायला बसला. डब्याचं झाकण उघडलं आणि बोंबलांचा वास पार्किंगभर पसरला. पद्मजाबाईंनी पदर नाकाला लावला आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. लोसाबाय मात्र वासाच्या रोखाने आल्या. मागून मैना, तिच्या मागून पैलवान. तिघांनी डब्यात डोकावलं. क्रीडाग्रामातल्या भोजनगृहात पनीर होतं, कोंबडी होती, पास्ता होता, पण बेटावरच्या माणसांना घर सोडल्यापासून माशाचं दर्शन नव्हतं. लोसाबायनी एक भाजलेला बोंबील उचलला, डोळे मिटून चावला, आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या.

"काय बोलल्या?" रघूने विचारलं.

पद्मजाबाई लांबूनच म्हणाल्या, "त्या म्हणतात, त्यांच्या आईच्या घरासारखा वास आहे."

रघूने सगळा डबा पुढे सरकवला.

त्या संध्याकाळी भीमरावचा फोन आला. "बोल रघू. भारताचं काय झालं आज?"

"भारताचं काय, त्यांना काय कमी हाय. आमच्या मैनाला चष्मा मिळत नव्हता पोहायचा. तिचा फुटला. चार दुकानं फिरलो."

"कोण मैना?"

"आपल्या टीममधली."

"भारताच्या जलतरण संघात मैना नाही," भीमराव म्हणाला. त्याच्याकडे कात्रण होतं.

"तू वाच रे पेपर. मी हिथं हाय," रघू म्हणाला आणि फोन ठेवला. घाबरूनच ठेवला, कारण आपली टीम कोणती हे भीमरावला अजून सांगितलेलं नव्हतं. सांगू सांगू म्हणता रोज संध्याकाळ व्हायची, भारताने पाच-सहा सुवर्णपदकं मिळवलेली असायची, भीमराव आनंदात असायचा, आणि रघू म्हणायचा, उद्या सांगू.

घोटाळा झाला तो बोंबलांमुळे. पैलवान सत्त्याहत्तर किलोच्या गटात होता. स्पर्धेआधी वजन होतं, आणि त्यात एक ग्रॅमसुद्धा जास्त भरून चालत नाही. रघूला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, वजन उचलणारा पोरगा, जितका खाईल तितका उचलेल. विठाच्या भाकऱ्या संपल्यावर त्याने बालेवाडीच्या एका खाणावळीतून भाकऱ्या बांधून आणल्या, चटणीवर तेल सोडलं, आणि पैलवानाला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून तीन दिवस रीतसर चारलं. पोरानेही आढेवेढे घेतले नाहीत.

स्पर्धेच्या सकाळी लोसाबायनी सहज म्हणून त्याला काट्यावर उभं केलं. मग त्याला उतरवलं, स्वतः काट्याकडे वाकून पाहिलं, आणि पुन्हा चढवलं. दीड किलो जास्त.

पद्मजाबाई धावत पार्किंगमध्ये आल्या. "शेलार, तुम्ही काय खायला घातलंत त्याला?"

रघूने खरं ते सांगितलं.

"आता वजनाच्या वेळेपर्यंत दीड किलो घाम काढायला हवा. नाहीतर तो स्पर्धेतून बाद. हजारो मैलांवरून आलाय तो मुलगा."

रघूचा चेहरा पडला. मग त्याने सुमो सावलीतून काढून भर उन्हात लावली, सगळ्या काचा वर केल्या, हीटर पूर्ण सोडला, आणि मागच्या डिकीतून घोंगडी काढली. पैलवानाला दोन ट्रॅकसूट एकावर एक घालायला लावले, वरून घोंगडी गुंडाळली आणि आत बसवलं.

"पण तुम्ही कशाला आत बसताय?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"खायला घालताना मी होतो ना बरोबर? मग आता पण मीच बसणार."

ऑक्टोबरचं ऊन, बंद सुमो, चालू हीटर. आतमध्ये अजून त्या डब्याचा वास होता. पहिल्यांदा पैलवान हसत होता, मग हसायचा थांबला. रघूने त्याचा धीर सुटू नये म्हणून त्याला जांभूळच्या जत्रेतल्या कुस्तीची गोष्ट सांगायला घेतली, त्यातले दोन्ही पैलवान स्वतःच होऊन दाखवले, आणि मध्ये मध्ये त्याला सीटवरच उठाबशा काढायला लावल्या. बाहेरून येणारे-जाणारे थांबून बघत होते. काचा वाफेने धुरकट झालेल्या, आणि गाडी जागच्या जागी हलतेय. एक पोलीस हवालदार काठी टेकत आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "काय चाललंय आत?"

पद्मजाबाई पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसाशी त्या चढ्या आवाजात बोलल्या असाव्यात. "आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तयारी चाललीय. तुम्ही जा तिकडे."

शेवटी दार उघडलं तेव्हा पैलवान आधी बाहेर पडला आणि मागून रघू गडगडत आला. लोसाबायनी दोघांना धरून काट्याकडे नेलं. पैलवान सत्त्याहत्तरच्या आत आला, अगदी केसाने. रघूनेही हौसेने काट्यावर पाय ठेवला. त्याचं किती उतरलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण पँट तो एका हाताने धरून चालत होता.

वजन जमलं, पण पोराच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. पहिल्या प्रकारात, म्हणजे जमिनीवरून एकदम डोक्यावर उचलायचं त्यात, पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. तीनच प्रयत्न असतात. तिसरा गेला तर पुढचं सगळं गेलं. हॉलमध्ये शांतता होती, कारण खेळाडू वजन धरतो तेव्हा लोक बोलत नाहीत. त्या शांततेत रघू उठून उभा राहिला.

"पैलवान, तुझ्या आयशीची शपथ हाय तुला. उचल."

म्हशींपर्यंत पोचणारा आवाज तो. व्यासपीठावरचा पंच दचकून वळला, समोरच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातलं सरबत सांडलं. पण वजन वर गेलं होतं. हात सरळ, पाय थरथरत, डोळे बाहेर आलेले, आणि उचल मान्य झाल्याचे तीन पांढरे दिवे लागले. सुरक्षारक्षकाने रघूला बाहेर काढलं. बाहेर उभं राहून त्याने दुसऱ्या प्रकाराचे निकाल पद्मजाबाईंच्या तोंडून ऐकले. त्या दर प्रयत्नानंतर दारापर्यंत येऊन सांगून जात होत्या. पैलवान शेवटून दुसरा आला.

"शेवटचा नाय ना?" रघूने विचारलं.

"नाही. शेवटून दुसरा."

"मग एकाला तरी पाडला," रघू म्हणाला. त्याने त्या संध्याकाळी भीमरावला फोनवर सांगितलं, "आज आपल्या पोराने एकाला पाडला." भीमरावला कुस्ती वाटली. त्याने गावभर सांगितलं.

मैनाची शर्यत दोन दिवसांनी होती, पन्नास मीटर मुक्त शैली. तिच्या देशात तलाव नव्हता. खाडीत बोटी लागायचे दोन धक्के होते, त्या दोन धक्क्यांच्या मधल्या पाण्यात ती शिकली होती. तलावात पाणी स्वच्छ असतं आणि तळाशी रेघ काढलेली असते, याचं तिला पहिल्या सरावाला फार अप्रूप वाटलं होतं. ती रेघ बघता बघता तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं.

पद्मजाबाईंनी रघूला आत घेतलं, पण ओरडायचं नाही अशी अट घातली. ती अट पाळायची गरज पडली नाही, कारण तिथे सगळेच ओरडत होते. त्याच फेरीत भारताची एक मुलगी होती. सगळं प्रेक्षागृह 'इंडिया, इंडिया' करत होतं. शाळांची पोरं आणलेली, तोंडं तिरंगी रंगवलेली. शिट्टी झाली, मुलींनी उड्या टाकल्या, आणि रघू सुरू झाला.

"मैना. ए मैना. हात मार. हात मार बाय."

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "ओ काका, आपली ती तिसऱ्या लेनमधली. निळी टोपी."

"म्हायती हाय."

"मग तुम्ही कुणाला ओरडताय?"

"आठव्या लेनला."

"ती कोणत्या देशाची?"

"आमच्या."

"म्हणजे तुम्ही भारताचे नाही?"

रघू वळला. लग्नातला रघू त्याच्या डोळ्यांत उतरला होता, पण शर्यत चालू होती म्हणून त्याने आटोपतं घेतलं. "दादा, भारताला तुम्ही एवढी माणसं हाय. हिला कोण हाय?"

गृहस्थ काहीतरी म्हणणार होता. पण त्याच्या आधी रघूच्या शेजारून एक बारीक, चिरका, शुद्ध आवाज आला. पद्मजाबाई उभ्या होत्या. तिरंगा एका हातात तसाच होता आणि दुसऱ्या हाताने त्या समोरचं रेलिंग बडवत होत्या.

"मैना, चल. चल मैना, अगं चल ना."

तिसऱ्या लेनवाली केव्हाच पोचली. बाकीच्याही पोचल्या. आठव्या लेनमध्ये मैना एकटी पाणी कापत राहिली आणि सगळ्यात शेवटी भिंतीला टेकली. वरच्या पाटीवर वेळा उमटल्या. रघूने लोसाबायकडे पाहिलं. त्या तलावाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पाटी पाहिली, दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि ओल्या फरशीवर मटकन बसल्या. रडत होत्या.

रघू पायऱ्या उतरून कसाबसा तिथपर्यंत गेला. कुणी अडवलं नाही, बहुतेक त्याच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ बघून. "लोसाबाय, रडू नका. शेवटचा नंबर कोणाला तरी येणारच ना. पोरीने जोर लावला."

मागून आलेल्या पद्मजाबाई लोसाबायशी बोलल्या, पुन्हा विचारून खात्री केली, आणि रघूकडे वळल्या.

"शेलार, तिने राष्ट्रीय विक्रम मोडलाय. त्यांच्या देशात आजवर कुणी बाई हे अंतर इतक्या लवकर पोहलेली नाही."

"मग ह्या रडतात कशाला?"

"जुना विक्रम ह्यांचाच होता. एकवीस वर्षं होता."

रघूने त्या रुंद अंगाच्या, फरशीवर बसलेल्या, कानामागचं फूल ओलं झालेल्या बाईकडे पाहिलं. त्या रडता रडता हसायला लागल्या होत्या आणि हाताने मैनाला जवळ बोलावत होत्या. मैना पाण्यातून वर आली, तिला काही कळेना. लोसाबायनी तिला ओली तशीच पोटाशी घेतली. रघूने दुसरीकडे तोंड केलं आणि बराच वेळ तलावाच्या रिकाम्या पाण्याकडे बघत राहिला.

स्पर्धा संपल्या. भारत पदकांच्या तक्त्यात पहिला आला. सोन्याची रास लागली होती. रघूच्या टीमला एकही पदक मिळालं नाही. त्याने तिघांना मुंबईच्या विमानतळावर सोडलं. पद्मजाबाई पुण्याहून मुद्दाम बरोबर आल्या आणि सगळ्या वाटभर काच खाली करून बसल्या. पैलवानाने निघताना बोंबलांचा डबा मागितला. रिकामाच होता, पण त्याला तो हवा होता. रघूने दिला.

जांभूळ फाट्यावर रघू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला आणि त्याने ब्रेक दाबला. फाट्यावर विजेच्या दोन खांबांना बांधलेला मोठा फ्लेक्स होता. त्यावर तो स्वतः होता. त्याच्या लायसन्सवरचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे तो फरारी आरोपीसारखा दिसत होता. खाली लिहिलं होतं: 'युवा राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला अव्वल स्थानी नेणारे सारथी मा. श्री. रघुनाथ शेलार यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, चंदू ट्रॅव्हल्स. लग्नकार्यासाठी सुमो, टवेरा, बस भाड्याने मिळेल.'

देवळासमोर मांडव होता, ताशा होता, शाल-श्रीफळ होतं. चंदू सफारी घालून उल्हासनगरहून आला होता. विठा नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसली होती. भीमरावने भारताच्या कामगिरीवर भाषण केलं, खेळागणिक पदकं सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "आता आपले रघुनाथराव आपल्या संघाबद्दल दोन शब्द सांगतील."

मी त्या मांडवात होतो. रघूने माइक हातात घेतला. चंदू खालून खूण करत होता, बोल, बोल.

"मी भारताची टीम नाय नेली," रघू म्हणाला.

ताशावाला काडी उचलून बसला होता, तो तसाच राहिला.

"माझी टीम दुसरी होती. तीन माणसांची. लांबच्या बेटावरची. मेडल एक पण नाय. एक पोरगा शेवटून दुसरा आला, आणि एक पोरगी शेवटची आली. पण ती शेवटची येताना तिच्या देशात सगळ्यांत पुढं गेली."

"म्हणजे?" भीमराव खुर्चीतून म्हणाला.

मग रघूने सगळं सांगितलं. घोंगडी, हीटर, हवालदार. लोक हसायला लागले. विठा बोंबलांच्या डब्यापाशी पोचल्यावर कपाळाला हात लावून बसली. लोसाबाय फरशीवर बसल्या तिथे रघू आला तेव्हा मात्र हसणं थांबलं. त्याने माइक भीमरावच्या हातात दिला.

भीमराव उभा राहिला. हेडक्लार्कच्या सवयीने त्याने आधी चष्मा पुसला. "आठ दिवस मला फसवलंस, रघू," तो म्हणाला. "मी लोकांना सांगितलं, भारताने कुस्तीत माणूस पाडला." मग थोडं थांबून तो म्हणाला, "ताशा वाजवा रे. विक्रम विक्रमच असतो."

चंदूने तेवढ्यात मंचावर उडी घेतली. "साईं लोग, ये तो और बडी बात है. इंडिया को तो सब ले जाते. आपला रघू फॉरेनची टीम घेऊन गेला." दुसऱ्या दिवशी त्याने फ्लेक्सवर एक पट्टी चिकटवली. 'भारताला अव्वल स्थानी नेणारे' याच्या जागी 'आंतरराष्ट्रीय' असं आलं. फ्लेक्स दिवाळीपर्यंत राहिला, आणि रघूला त्या मोसमात लग्नाच्या वर्द्या बऱ्याच मिळाल्या.

पुढच्या मे महिन्यात रघूने भीमरावला विचारलं, "भीमा, तुला पोहायला येतं ना?"

"येतं. का?"

"मना नाय येत."

शिरगावला भीमरावच्या सासऱ्यांची विहीर आहे, पायऱ्यांची. रविवारी सकाळी दोघे तिथे गेले, मागून विठाही आली. रघूच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा सुंभाने बांधला होता, लहान पोरांना बांधतात तसा, फक्त डबा पंधरा किलोचा होता. काठावर शिरगावातली पोरं बसली होती आणि हसून हसून एकमेकांवर पडत होती. रघू पायरीवर उभा राहून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"उतर की," भीमराव पाण्यातून म्हणाला.

"तळाची रेघ दिसत नाय."

"विहिरीला रेघ नसते. उतर."

रघू उतरला. डबा धाडकन पाण्यावर आपटला, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं, आणि कठड्याशी टॉवेल घेऊन उभी असलेली विठा दोन पावलं मागे सरकली. रघूने हात मारायला सुरुवात केली. तो एका जागी गोल फिरत होता. विठा थोडा वेळ बघत राहिली. मग तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि विहिरीत वाकून म्हणाली, "अवो, समोर बघा. समोर बघून हात मारा."

रघूने मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे निघाला.